वाळूपासून मैलभर आत

नागपूरकराला समुद्राची ओढ असावी यात नवल काही नाही. झिरो माईलच्या ज्या खांबाचा आपण एवढा अभिमान बाळगतो, त्याच्यापाशी उभे राहिले की अरबी समुद्र काय आणि बंगालचा उपसागर काय, दोन्ही सारखेच परके वाटतात. आपल्या वाट्याला पाणी आले ते फुटाळ्याचे, अंबाझरीचे आणि फार तर तोतलाडोहाचे. त्यामुळे दिवाळी आटोपली आणि मुलांच्या परीक्षा अजून दूर आहेत असे दिसले, की घराघरांत बेत शिजू लागतात आणि ‘यंदा कोकण’ असे ठरते. गोवा पूर्वीच होऊन गेलेला असतो. शिवाय तिथे सहकुटुंब जायचे म्हणजे खिसा चाचपावा लागतो. त्यापेक्षा मालवण बरे, तारकर्ली बरी, असा साधा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही.

माझे म्हणणे या हिशेबाच्या पुढचे आहे. सिंधुदुर्गाची सहल करून आलेल्या ओळखीच्या आठ-दहा कुटुंबांना मी गेल्या वर्षभरात मुद्दाम विचारले, की बाबांनो, तिकडे काय काय पाहिलेत? उत्तरे जणू एकमेकांची पाहून लिहावीत तशी. स्कुबा केले, पॅराशूटला लटकलो, बनाना बोटीतून पाण्यात पडलो, डॉल्फिन दिसले (काहींना नाही दिसले), किल्ला पाहिला, देवबागचा संगम पाहिला, सुरमईची थाळी खाल्ली, काजू आणि कोकमे आणली. पिंगुळीला गेला होतात का? ‘ते काय असते?’ दशावतार पाहिलात? एका गृहस्थांनी अगदी प्रामाणिक उत्तर दिले. म्हणाले, ‘होता म्हणे त्या रात्री जवळच्या गावात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर स्कुबाचा नंबर होता ना!’

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाता जात नाही. त्या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. सहल आखून देणाऱ्याने त्यांना जे सांगितले ते त्यांनी केले. प्रश्न आहे तो सांगणाऱ्यांचा, आणि न विचारणाऱ्या आपल्या सगळ्यांचा.

थोडी जुनी उजळणी करू. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १९८१ साली. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी घाटावरून सावंतवाडीला उतरायचे म्हणजे एस.टी.च्या खिडकीशी भांडत आंबोली किंवा फोंडा घाट उतरावा लागे. २०२१ साली चिपीचा विमानतळ झाला. अलीकडच्या वर्षांत नागपूरहून थेट मडगावला जाणारी विशेष गाडीही सुटू लागली. आणि आता शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे. त्याच्या मूळ आराखड्यात वर्ध्याजवळचे पवनार हे एक टोक आहे आणि गोव्याच्या वेशीवरची पत्रादेवी हे दुसरे. मधले अंतर सुमारे ८०२ किलोमीटर. जमिनी जाणार म्हणून त्याला अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, तो वाद मोठा आहे आणि त्याच्यावर लिहायचे तर वेगळा लेख हवा. इथे मुद्दा एवढाच, की हा रस्ता आज ना उद्या कोणत्याही रूपात झाला तर विदर्भाच्या दारातून निघणारी मोटार थेट कोकणात उतरेल. आज चोवीस तासांचा विचार करून घरी बसणारी कुटुंबे शनिवार-रविवार जोडून निघतील. तेव्हा आपण तिकडे काय मागणार आहोत, हे आजच ठरवलेले बरे. कारण गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानात उरते.

समुद्रातल्या खेळांना नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. मी स्वतः मालवणच्या पाण्यात तोंडात नळी धरून उतरलो आहे आणि प्रवाळाच्या फटींतून निघणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाहून हरखलो आहे. हे पाणी काही साधेसुधे नाही. १९८७ सालीच इथले २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे स्कुबाचे प्रशिक्षण केंद्र आहे. या धंद्यामुळे गावातल्या कितीतरी पोरांना मुंबईची गाडी पकडावी लागली नाही, हेही मोलाचेच. फक्त पाण्याशी मस्ती करताना डोके ठिकाणावर हवे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. लाईफ जॅकेट मागून घ्यावे, बोटीत दाटी दिसली तर सरळ खाली उतरावे, आणि ‘पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे’ असे कोणी म्हणाले तर त्याचे ऐकू नये. पैसे आपले असतात आणि मुलेही आपलीच असतात.

पण हे खेळ, खरे सांगायचे तर, अंदमानातही आहेत आणि थायलंडातही. जे फक्त इथेच आहे ते वाळूपासून मैल-दोन मैल, फार तर वीस-पंचवीस मैल आत आहे.

कुडाळच्या शेजारी पिंगुळी म्हणून गाव आहे. तिथे ठाकर समाजाची वस्ती आहे आणि त्यांच्याकडे चित्रकथी नावाची कला पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. रामायण-महाभारतातले एकेक आख्यान घ्यायचे, त्याच्या प्रसंगांची चित्रे काढायची, दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि त्या गठ्ठ्याला पोथी म्हणायचे. सांगणारा वीणा घेऊन बसतो, साथीला हुडूक आणि टाळ. एकेक चित्र उचलून समोर धरायचे आणि त्याच्यावर बोट फिरवत कथा गायची. सिनेमा यायच्या कितीतरी आधी गावच्या देवळात बसून माणसे चित्रांतून गोष्ट पाहत होती! त्याच वस्तीत चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आहे आणि कळसूत्री बाहुल्याही आहेत. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता तोवर हे सारे बरे चालले. तो गेल्यावर पोथ्या माळ्यावर गेल्या, काही बाहेर विकल्या गेल्या, काहींना वाळवीने खाल्ले. परशुराम गंगावणे यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारले, उरलेले जपले, मुलांना शिकवले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्याचे संग्रहालय करणारा माणूस आपल्या महाराष्ट्रात आहे आणि त्याच्या दारावरून आपली गाडी मालवणकडे निघून जाते, याला काय म्हणावे?

पुढे सावंतवाडी. मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे आणि त्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसलेले दिसतात. गंजिफा म्हणजे पत्त्यांचा खेळ, पण पाने गोल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे एकूण एकशे वीस. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि बाकीची दहा साधी पाने. दिवसा खेळायला बसले तर सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची, अशी रीत सांगतात. चिंचोक्याची खळ लावून पान घट्ट करायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा. १९७० च्या दशकात ही कला जवळजवळ संपल्यात जमा होती. उरल्यासुरल्या वृद्ध कारागिराकडून ती शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी शिकून घेतली आणि इतरांना शिकवली. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण काम चालू राहिले. गावातल्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. आपल्या आयांच्या भातुकलीत जी ठकी असायची, जी लाकडी आंबे-केळी-वांगी असायची, ती या गावची. पांगाऱ्याचे हलके लाकूड, कातकाम आणि रंग. नागपूरच्या बाजारातल्या प्लॅस्टिकच्या बाहुलीने तिला हरवले म्हणतात, पण सहा वर्षांच्या पोरीच्या हातात दोन्ही देऊन पाहा, ती लाकडी वांगे सोडत नाही.

आणि मग दशावतार. याच्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

कार्तिक उजाडला की तळकोकणातल्या गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि वैशाखापर्यंत चालतात. देवाची पालखी देवळाभोवती फिरते, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतारी मंडळी रंगभूमीवर उतरतात. रंगभूमी म्हणजे काय? एक पडदा आणि एक बाकडे. तेच बाकडे इंद्राचे सिंहासन, तेच झाडाखालचा पार. हार्मोनियम, पखवाज आणि झांज एवढेच संगीत. आधी आड दशावतार. गणपती येतो, रिद्धीसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मागून वेद पळवणारा तो काळा संकासुर येऊन मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेतो. मग मुख्य आख्यान. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि अशा करतात की आपल्या शेजारी बसलेल्या बायकाच त्यांच्या लुगड्याच्या निऱ्यांची वाखाणणी करतात. पहाटे दहीकाला होतो, म्हणून लोक नाटकालाही ‘धयकालो’च म्हणतात. पूर्वी ही मंडळी सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जात. ‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यांच्यावरूनच पडली.

कुडाळ तालुक्यातल्या एका जत्रेत मी बसलो होतो. शेजारच्या आजोबांनी विचारले, ‘खंयसून इलात?’ नागपूर म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. ‘द्येवा म्हाराजा! इतक्या लांबसून, आणि धयकालो बघूक?’ मग जरा सरकून मला चटईवर जागा दिली आणि बजावले, ‘मगे उठू नकात. उजाडासर बसा.’ का बसायचे ते रात्री दोन वाजेपर्यंत मला कळले नव्हते. दोननंतर कळले. राजा आणि प्रधान यांच्यात धर्म कशाला म्हणावे यावर वाद पेटला होता. एकाने पुराणातला दाखला दिला, दुसऱ्याने तो उलटवला, मधेच राजाने गावच्या पाणीयोजनेला एक टोमणा हाणला आणि सारी जत्रा हसली. माझ्या लक्षात आले की यातले एकही वाक्य कोणी लिहून दिलेले नाही. दशावताराला संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि बाकी सारे रंगभूमीवर जाऊन बोलायचे असते. ज्याची पुराणे पाठ, ज्याची जीभ तिखट आणि ज्याला समोरच्या गावाची नाडी कळते, तो नट मोठा.

माझा सगळा मुद्दा इथे आहे. जी कला कागदावर नाही, ती फक्त तिच्या पुऱ्या वेळात जिवंत असते. हॉटेलच्या हिरवळीवर वीस मिनिटांसाठी गणपती आणि रिद्धीसिद्धी नाचवले तर नाच राहील, मुकुट राहील, फोटो फार छान येतील. पण रात्री दोनचा तो वाद त्यात बसणार नाही. आणि उद्याच्या नटाला जर वीस मिनिटांचेच पैसे मिळणार असतील तर तो उरलेले पाच तास कशासाठी शिकेल? पुराणे कोण पाठ करील? मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू जेवण वाढता वाढता म्हणाल्या, ‘लोक म्हणतत, अर्ध्या तासाचो दशावतार सांगा. अर्ध्या तासात आमची आरतीसुद्धा होवची नाय!’

हे सगळे वाचून आपल्याकडची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मुंबई-पुण्याची माणसे विमानाने नागपूरला उतरतात, तडक ताडोबाच्या मोहर्ली दरवाजाला जातात, वाघ पाहतात आणि परततात. त्याच रात्री दहा-वीस कोसांवर धानाच्या मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडलेला असतो, दिवसा शंकरपट झालेला असतो आणि झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चाललेले असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो, वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, लोक तिकीट काढून येतात. दंडार आणि खडी गंमत हे याच मातीतले प्रकार, आणि त्यांतही पुरुषच बाईचे काम करीत आले. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीचे परशुराम आणि गडचिरोलीचे परशुराम! दोघांच्यामध्ये उभा महाराष्ट्र पसरलेला आहे आणि दोघांची तक्रार करायची झाली तर ती एकच निघेल. ताडोबाला येणारा पाहुणा आपल्या नाटकाची चौकशीही करत नाही म्हणून आपल्याला वाईट वाटते ना? मग आपण मालवणला जाऊन तेच करायचे का?

यावर कोणी म्हणेल, तुम्ही शहरातले लोक कलावंताला उपदेश करता; हॉटेलातल्या त्या वीस मिनिटांवर त्याची चूल पेटत असेल तर तुमचे काय जाते? हा आक्षेप खोटा नाही. गंजिफाही आज खेळण्यासाठी घेणारे थोडे आणि भेट म्हणून नेणारे जास्त, आणि त्या भेटीमुळेच कारागिराचा हात चालू राहिला. पिंगुळीतही पाहुण्यांना थोडक्यात खेळ दाखवतात, त्यात वावगे काय? मिठाईच्या दुकानात संत्रा बर्फीचा तुकडा चाखायला देतात, तसा तो नमुना. पण नमुना चाखून कोणी बर्फी विकतच घेणार नसेल तर दुकानदार उद्या नमुन्यापुरतीच बर्फी करू लागेल. कलावंताला शुद्धतेचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मान्य. आपल्या हातात आहे ते गिऱ्हाईक म्हणून चांगले वागणे. निदान तेवढे करता येते.

म्हणजे नेमके काय करायचे? सहलीच्या तारखा ठरवताना नाताळ आणि एकतीस डिसेंबर एवढेच न पाहता पंचांगही उघडावे. बहुतेक जत्रा तिथीला ठरलेल्या असतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीसारखी एखादी जत्रा देवीचा कौल घेऊन ठरते, तिची तारीख दरवर्षी जाहीर होते. जिथे उतरणार तिथे फोनवर खोलीच्या भाड्याबरोबर एवढेच विचारावे, की त्या दिवसांत जवळपास कुठे नाटक आहे का? दहा पाहुण्यांनी विचारले की अकराव्याला ते आपणहून सांगतील. देवळात चटईवर बसावे लागते, थंडी वाजते, शाल न्यावी. भाषेची भीती नको. मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी साऱ्या महाराष्ट्राच्या कानांना परिचित केली आहे, आणि न कळलेले शेजारचा सांगतो. मोबाईलचा दिवा नटाच्या डोळ्यांत मारू नये. जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसते, म्हणून ते फुकट आहे असे समजू नये. बक्षीस म्हणून नटाच्या हातात चार पैसे ठेवावेत, चहा-खाज्याचे दुकान गावातल्या माणसाचे असते, तिथेच खर्च करावा. चितार आळीत खेळण्याच्या भावावरून घासाघीस करताना आपण स्कुबावाल्याशी केली होती का, ते एकदा आठवावे.

सरकारचे आणि सहल कंपन्यांचे कामही फार मोठे नाही. जत्रांचे आणि नाटकांचे महिनावार पत्रक छापून ते रेल्वे स्थानकावर, विमानतळावर आणि खोल्या देणाऱ्या घरांत टांगायला काही महामार्ग बांधावा लागत नाही. आपल्या नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून आहे आणि त्याच्या आवारात देशभरचे कलावंत आपल्याला भेटून जातात. अशा मंचांवर थोडी कला पाहून झाल्यावर, ती पुरी कुठे आणि कधी पाहायला मिळेल, हे सांगणारी पाटी शेजारी असली तर किती बरे होईल! २०२५ साली ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांचे काम पाहायला शहरांतली चित्रपटगृहे भरली. त्या गर्दीतल्या शंभरांतल्या एकाने जरी खऱ्या देवळाची वाट धरली तर जत्रेत बसायला जागा पुरणार नाही.

मुलांना पाण्यात जरूर उतरवा, मासे दाखवा, किल्ल्यावर न्या. १६६४ साली कुरटे बेटावर तो बांधायला घेतला तेव्हा महाराजांनी समुद्राकडे कसे पाहिले असेल, तेही त्यांना सांगा. फक्त तीन रात्रींतली एक रात्र देवळासाठी ठेवा. मुले पेंगतील, मांडीवर झोपतील, मधेच राक्षसाच्या आरोळीने दचकून उठतील, आणि पहाटे दहीकाल्याचा प्रसाद हातावर पडला की डोळे चोळत विचारतील, ‘संपले?’ दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपा खुशाल. स्कुबाची बोट परवाही सुटतेच.